आधी पोहणं, मग बाकीचं

(मंचाच्या कौटुंबिक आरोग्य सत्रात न्यू जर्सी इथे केलेल्या भाषणाचा हा लेखी मजकूर. वार्तापत्रासाठी थोडा संक्षेप केला आहे.)



आयोजकांनी मला विषय दिला तो असा : 'विशेष मुलांना पोहण्याचे होणारे फायदे'. फायद्यांबद्दल मी बोलणार आहेच, पण आधी जिवाबद्दल बोलू द्या. आपल्यासारख्या घरांत आई-वडील दोघंही शिकलेले असतात. स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीचं वेळापत्रक फ्रिजवर लावलेलं असतं, विमा कंपनीशी भांडून बिहेवियर थेरपीचे तास वाढवून घेतलेले असतात. पण पोहणं मात्र 'उन्हाळ्यात बघू' या यादीत पडून असतं. ते त्या यादीतून काढा आणि सगळ्यात वर ठेवा, एवढंच मला आज सांगायचं आहे.

माझी थोडक्यात ओळख. मेंदू शरीराच्या हालचालींवर ताबा कसा ठेवतो, या विषयात मी संशोधन करते. मी डॉक्टरेटवाली डॉक्टर, औषध देणारी नव्हे. आणि मी एका तेरा वर्षांच्या स्वमग्न मुलाची आई आहे. या दोन भूमिकांचं माझ्या डोक्यात अधूनमधून भांडण होतं. आई म्हणते, "अगं, केवढा फरक पडलाय त्याच्यात!" संशोधक विचारते, "पुरावा काय?" आज दोघींनाही बोलायला वेळ देणार आहे.

मेंदूच्या विकासातल्या वेगळेपणाच्या अनेक तऱ्हा आहेत. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, एडीएचडी, हालचालींचा मेळ न बसणं, बौद्धिक अक्षमता. एकाच मुलात यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र असणंही नेहमीचं आहे. अमेरिकेच्या सीडीसीच्या पाहणीत २००० साली दर १५० मुलांमागे एक मूल स्वमग्न आढळलं होतं. २०२२ च्या पाहणीत हे प्रमाण दर ३१ मुलांमागे एक असं आलं. निदान सुधारलं आणि व्याख्या रुंदावली, हे या वाढीचं एक मोठं कारण आहे. म्हणजेच आज या सभागृहात बसलेल्यांपैकी प्रत्येकाच्या नात्यात किंवा ओळखीत असं मूल आहे, असं समजायला हरकत नाही.

आता जिवाची गोष्ट. कोलंबिया विद्यापीठाच्या जोसेफ ग्वान आणि गुओहुआ ली यांनी १९९९ ते २०१४ या काळातल्या मृत्यूच्या राष्ट्रीय नोंदी तपासल्या आणि २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्वमग्न मुलांचा बुडून मृत्यू होण्याचा धोका इतर मुलांच्या १६० पट निघाला. मृत्यूच्या दाखल्यावर स्वमग्नतेची नोंद नेहमी होतेच असं नाही, त्यामुळे नेमक्या आकड्यावर संशोधक वाद घालू शकतील. पण धोका मोठा आहे, याबद्दल वाद नाही.

त्याच जोडीनं बुडून गेलेल्या २३ स्वमग्न मुलांच्या घटना बातम्यांमधून गोळा करून तपासल्या. जवळपास तीन चतुर्थांश मुलं कोणाच्या नकळत एकटीच बाहेर पडली होती. निम्म्याहून अधिक घटना तळ्यांत घडल्या होत्या. सबडिव्हिजनच्या मागे पावसाचं पाणी साठवायला केलेलं, कडेला बदकं पोहत असलेलं जे तळं आपण घर घेताना 'व्ह्यू चांगला आहे' म्हणून कौतुकानं बघतो, तसल्या तळ्यांत.

मुलं अशी निघून जातात हेही अपवादात्मक नाही. २०१२ साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध झाली. १,२१८ स्वमग्न मुलांपैकी ४९ टक्के मुलांनी वयाच्या चौथ्या वर्षानंतर निदान एकदा तरी घरातून किंवा शाळेतून निघून जायचा प्रयत्न केला होता. जी मुलं काळजी वाटावी इतका वेळ हरवली, त्यांच्यापैकी २४ टक्के बुडण्याच्या धोक्यात सापडली होती. हे आई-वडिलांच्या निष्काळजीपणाचं लक्षण नाही. कुलूप, गजर, कुंपण सगळं असतं, आणि एका दुपारी पाहुणे येतात नि दार उघडं राहतं.

म्हणूनच ली यांचा सल्ला असा आहे की स्वमग्नतेचं निदान झालं की इतर कोणत्याही थेरपीच्या आधी मुलाचं नाव पोहण्याच्या वर्गात घाला. आधी पोहणं, मग बाकीचं. मी हे शीर्षक तिथूनच घेतलं.

आता आपल्या लोकांचं बघू. 'पत्रिकेत जलघात आहे, पाण्यापासून लांब ठेवा' हे वाक्य मी न्यू जर्सीत ऐकलंय, आणि तेही एका इंजिनिअर जोडप्याकडून. इथे गंमत अशी की ज्योतिषी आणि साथरोगतज्ज्ञ दोघंही म्हणतायत, पाण्यापासून धोका आहे. फरक पुढच्या वाक्यात आहे. ज्योतिषी म्हणतो, म्हणून लांब ठेवा. साथरोगतज्ज्ञ म्हणतो, म्हणून शिकवा. पाण्यापासून मूल कायमचं लांब ठेवता येत नाही. बाथटब आहे, हॉटेल आहे, शेजाऱ्याचा पूल आहे, समुद्र आहे.

दुसरी आपली परंपरा बरोबर उलटी. पाठीला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधायचा आणि विहिरीत ढकलून द्यायचं. 'आम्ही असेच शिकलो' हे अभिमानानं सांगणारे काका प्रत्येक पार्टीत असतात. काका, तुम्ही शिकलात, आनंद आहे. पण ज्या मुलाला अचानक झालेला स्पर्श सहन होत नाही, ज्याला 'आता काय होणार' हे आधी कळल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, त्याला ढकलून दिलंत तर ते पोहायला शिकणार नाही. ते पाण्याला घाबरायला शिकेल, आणि तुमच्यावर विश्वास न ठेवायलाही शिकेल.

मग योग्य पद्धत कोणती? इथे एका इंजिनिअरची गोष्ट सांगते, तुम्हाला आवडेल. जेम्स मॅकमिलन हा द्रवगतिशास्त्र जाणणारा इंजिनिअर होता. १९४९ साली उत्तर लंडनमधल्या हॅलिविक नावाच्या, शारीरिक अपंगत्व असलेल्या मुलींच्या शाळेत त्यानं पोहणं शिकवायला सुरुवात केली. त्यानं मुलींच्या अपंगत्वाकडे बघायच्या आधी पाण्याकडे बघितलं. शरीराचा आकार आणि घनता बदलली की पाण्यात ते कोणत्या बाजूला गरकन फिरेल, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं पोहण्याचे हात-पाय शिकवायच्या आधी ते फिरणं आवरायला शिकवलं. ही हॅलिविक पद्धत आज अनेक देशांत वापरली जाते. तिचे दहा टप्पे आहेत. पहिला टप्पा मनाची तयारी : पाण्यात तोंडानं फुंकर मारणं, घाबरलं तरी श्वास सोडणं. शेवटचा टप्पा साधा पोहण्याचा हात. एका मुलामागे एक शिकवणारा, आणि फुगे-तरंगणी काही नाही. शिकवणारा आपला आधार हळूहळू कमी करत जातो, मुलाला कळेल न कळेल इतक्या हळू.

पाणी नेमकं काय करतं, हे आता संशोधकाच्या भाषेत सांगते.

पहिली गोष्ट, वजन. मानेपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराच्या वजनाचा सुमारे एक दशांश भार उरतो. ज्या मुलाचे स्नायू सैल आहेत, जे जमिनीवर उभं राहून दमतं, त्याला पाण्यात हालचालीचा सराव करायला बळ उरतं.

दुसरी गोष्ट, वेळ. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट दाट आहे. जमिनीवर तोल गेला की अर्ध्या सेकंदात गुडघा फुटलेला असतो. पाण्यात तोल हळू जातो. चूक दुरुस्त करायला मेंदूला वेळ मिळतो, आणि चुकीची शिक्षा मिळत नाही. हालचाल शिकण्यासाठी यापेक्षा चांगली प्रयोगशाळा मला माहीत नाही.

तिसरी गोष्ट, दाब. पाण्यात एक मीटर खोलीवर सुमारे ७५ मिलिमीटर पाऱ्याइतका जादा दाब असतो, आणि तो सगळीकडून सारखा असतो. आपलं अंग कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, याची जाणीव काही मुलांना अंधूक असते. अशी मुलं घट्ट मिठी मागतात, जड गोधडीखाली शांत होतात. त्यांना पाण्याचा दाब आवडतो, असं थेरपिस्ट सांगतात. हे तर्काला धरून आहे. मात्र ते पक्कं सिद्ध झालंय असं मी म्हणणार नाही.

चौथी गोष्ट, रचना. फुटबॉलच्या मैदानावर काय होणार ते क्षणाक्षणाला बदलतं. कोण पास देणार, कोण ओरडणार. पूलमध्ये लेन आहे, तळाला काळी रेघ आहे, भिंत आली की एक फेरी संपली. कोणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. आणि तरीही तुम्ही इतर मुलांच्या सोबत असता. एडीएचडी असलेल्या मुलांनाही ही चौकट उपयोगी पडते. मायकेल फेल्प्सला नऊ वर्षांचा असताना एडीएचडीचं निदान झालं होतं. पुढे त्यानं ऑलिम्पिकची २८ पदकं मिळवली. पोहण्यामुळे त्याचा एडीएचडी गेला नाही, पण पूलमध्ये त्याला जागा मिळाली.

आता पुरावा. तैवानमधल्या चिएन-यू पान यांनी २०१० साली सहा ते नऊ वयाच्या १६ स्वमग्न मुलग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठ मुलांनी दहा आठवडे पोहण्याचा कार्यक्रम केला, बाकीच्या आठांचे नेहमीचे उपचार चालू राहिले, आणि मग अदलाबदल केली. मुलांचं पाण्यातलं कौशल्य वाढलं आणि समाजात वावरताना त्रासदायक ठरणारं वागणं कमी झालं. २०१४ साली एडीएचडी असलेल्या ३० मुलांचा एक अभ्यास आला. आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा पाण्यातला व्यायाम. 'आता थांब' असा इशारा मिळाल्यावर हात आवरण्याच्या चाचणीत त्या मुलांची प्रगती दिसली.

हे ऐकून टाळ्या वाजवायच्या आधी संशोधकाला बोलू द्या. सोळा मुलं, तीस मुलं. हे आकडे लहान आहेत. शिवाय एक प्रश्न उरतोच : सुधारणा पाण्यानं झाली, की एका मोठ्या माणसानं आठवड्यातून दोनदा, फोन बाजूला ठेवून, त्या मुलाकडे पूर्ण लक्ष दिलं म्हणून झाली? या अभ्यासांतून ते वेगळं काढता येत नाही. म्हणून मी असं म्हणेन : पोहण्यानं मुलं पोहायला शिकतात, याचा पुरावा भक्कम आहे. अंगातली ताकद आणि दम वाढतो, याचाही बरा आहे. वागण्यात आणि लक्ष देण्यात फरक पडतो, याचा आशादायक पण तोकडा आहे. पोहण्यानं स्वमग्नता 'बरी' होते, याचा अजिबात नाही, आणि तसं सांगून कोणी पैसे मागत असेल तर उठून बाहेर पडा. पाण्याच्या नावावर डॉल्फिन थेरपीही विकली जाते. लोरी मरिनो आणि स्कॉट लिलिएनफेल्ड यांनी २००७ साली त्या अभ्यासांची छाननी केली, तेव्हा त्यांत गंभीर दोष सापडले. विमानखर्च, हॉटेलखर्च आणि डॉल्फिनची कैद, एवढंच त्यातून नक्की मिळतं.

आता आईची पाळी. आमचा मुलगा चार वर्षांचा असताना आम्ही सुरुवात केली. पहिल्या वर्गातून दुसऱ्याच आठवड्यात 'तो इतर मुलांना त्रास देतो' असं सांगून त्याला काढून टाकण्यात आलं. त्रास म्हणजे काय, तर शिट्टी वाजली की तो कान झाकून ओरडायचा. मग एक शिक्षिका भेटल्या, शनिवारी दुपारी पूल रिकामा असताना शिकवणाऱ्या. पहिले तीन महिने तो पायरीवर बसून नुसते पाय हलवत होता. त्या त्याच्या शेजारी बसून पाय हलवत होत्या. पाण्यात तोंड घालायला त्याला वर्षाहून जास्त लागलं. आज तो वीस फेऱ्या मारतो. बोलतो अजूनही मोजकंच. पोहण्याच्या दिवशी रात्री शांत झोपतो, हे आमच्या घरातलं निरीक्षण, पुरावा नव्हे. पण तो पाण्यात पडला तर पाठीवर वळून तरंगेल आणि काठ पकडेल, हे मी कपड्यांसकट, बुटांसकट बघितलं आहे. मला रात्री झोप लागते ती त्यामुळे.

भारतातलं एक उदाहरण तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. मुंबईची जिया राय ही स्वमग्न मुलगी. २०२१ साली ती वांद्रे-वरळी सी लिंकपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत ३६ किलोमीटर पोहली. पुढच्या वर्षी श्रीलंका ते धनुष्कोडी, आणि २०२४ साली इंग्लिश खाडी. कौतुक करावं तेवढं थोडंच. पण घरी जाऊन आपल्या मुलाला 'बघ जिया राय' असं म्हणू नका. इंग्लिश खाडी पोहणं हे ध्येय नाही. शेजारच्या तळ्यातून जिवंत बाहेर येणं हे ध्येय आहे.

आता घरी न्यायच्या काही गोष्टी.

एक. आधी पूल दाखवायला न्या, पोहायला नको. वास, घुमणारा आवाज, ओली फरशी, कपडे बदलायची खोली, या सगळ्याची ओळख होऊ द्या. गर्दी नसलेली वेळ निवडा. काय-काय होणार याची चित्रं क्रमानं लावून दाखवा.

दोन. शर्यतीच्या पूलचं पाणी २५ ते २८ अंश सेल्सिअस असतं. सडपातळ, चार वर्षांच्या मुलाला ते गार लागतं. कोमट पाण्याचा पूल शोधा.

तीन. स्ट्रोक नंतर. आधी श्वास सोडणं, पाठीवर वळून तरंगणं, मागे फिरून काठ गाठणं आणि बाहेर येणं. ते जमलं की एकदा कपड्यांसकट सराव.

चार. हवा भरलेल्या दंडपट्ट्यांवर विसंबू नका. त्यांनी मूल पाण्यात उभं राहायला शिकतं, आडवं व्हायला नाही. होडीत किंवा समुद्रावर कोस्ट गार्डनं मान्यता दिलेलं लाइफ जॅकेटच घाला.

पाच. स्वमग्नतेसोबत अपस्मार असण्याचं प्रमाण बरंच आहे. फिट्स येत असतील तर आधी डॉक्टरांशी बोला, आणि पाण्यात एक मोठं माणूस फक्त त्या एकाच मुलासाठी हवं. डाऊन सिंड्रोम असेल तर सूर मारायला शिकवण्याआधी मानेच्या मणक्यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

सहा. पोहता येणारं मूलही बुडू शकतं. शिकवणं हे कुंपणाचा आणि नजरेचा पर्याय नाही. आणि मूल दिसेनासं झालं, तर कपाटं शोधत बसू नका. आधी पाण्याकडे धावा, त्याच वेळी ९११ ला फोन करा.

सात. हे फार थोड्या पालकांना माहीत असतं. विशेष शिक्षणाच्या संघराज्य कायद्यात शारीरिक शिक्षणाची जी व्याख्या आहे, तिच्यात पाण्यातल्या कौशल्यांचा उल्लेख आहे. आयईपीच्या बैठकीत हा मुद्दा मांडा. शाळेकडे पूल असेल तर आग्रह धरा.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो या मंचावरच मांडायला हवा. पाण्यात कोणाला उतरू द्यायचं, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला. या देशात कृष्णवर्णीयांना पूलमध्ये येऊ द्यावं लागू नये म्हणून कित्येक गावांनी सार्वजनिक पूलच बंद केले. त्याची किंमत अजून मोजली जाते : दहा ते चौदा वयोगटात पूलमध्ये बुडण्याचं कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण श्वेतवर्णीय मुलांच्या सातपटीहून जास्त आहे. ज्यांना पाण्यापासून लांब ठेवलं, तीच मुलं पाण्यात बुडतात. आपल्या मुलांना 'त्रास देतात' म्हणून वर्गातून काढलं जातं, तेव्हा तेच घडत असतं, फक्त कारण वेगळं दिलेलं असतं.

आणि बोट नेहमी दुसऱ्याकडेच दाखवायला नको. आपल्या गणेशोत्सवाला, दिवाळीच्या पार्टीला, लेक हाऊसच्या सहलीला स्वमग्न मूल असलेलं कुटुंब हळूहळू येईनासं होतं. कोणी 'येऊ नका' म्हणत नाही. पण कोणी 'तुम्ही दोघं जेवून घ्या, अर्धा तास मी त्याच्याबरोबर आहे' असंही म्हणत नाही. आपल्या सहलींत काठावर पंधरा मोठी माणसं असतात, आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणीतरी बघतोय. बुडणारं मूल हाक मारत नाही, हात हलवत नाही. ते गप्प बुडतं.

म्हणून माझा ठराव साधा आहे. आपल्या मंचाच्या ज्या कार्यक्रमाच्या जागी पाणी असेल, तिथे पंधरा-पंधरा मिनिटांची पाळी लावायची. ज्याची पाळी, त्याच्या गळ्यात एक ओळखपट्टी, हातात फोन नाही, हातात पेय नाही, नजर फक्त पाण्यावर. आणि येत्या मोसमात महिन्यातून दोन शनिवार, एखाद्या वायएमसीएचा कोमट पूल दोन तास भाड्यानं घेऊन, आपल्या आणि शेजारच्या विशेष मुलांसाठी प्रशिक्षित शिक्षक आणायचे. पैसे मंडळाकडे आहेत, मी खजिनदारांना विचारलं आहे. लागणार आहेत ती माणसं, पाण्यात उतरणारी. पोहता येत नसेल तर आधी तुम्ही शिका. पन्नाशीतही शिकता येतं.

नावनोंदणीचा कागद चहाच्या टेबलावर ठेवला आहे. चहा घ्यायच्या आधी तिथे या.